आमच्या मंडळातली लंगडी

मी लंगडते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलेलं बरं, कारण नवरा सोडला तर माझ्या ओळखीतला दुसरा कुठलाही मराठी माणूस हे वाक्य उच्चारायला धजावणार नाही. लहानपणी पोलिओ झाला, उजवी पोटरी बारीक राहिली, पाऊल थोडं आत वळलं आणि तेव्हापासून माझं चालणं म्हणजेच लंगडणं. एखादीचे केस कुरळे असतात, एखादीचा आवाज घोगरा असतो, तशी माझी ही चाल. मला तिची इतकी सवय आहे की दुकानाच्या काचेत स्वतःला येताना पाहिलं तरच आठवते. पण जयपूरच्या आमच्या मराठी गोतावळ्यात गेलं की ती विसरणं मुश्कील होतं, कारण तिथे सगळे जण ती दिसत नसल्याचं नाटक फार मनापासून करतात.

नवऱ्याची केंद्र सरकारातली नोकरी. तिच्या मागे मागे आम्ही कऱ्हाडहून निघून दोनचार गावं फिरत जयपूरला आलो. मला एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचं काम मिळालं, मुलगा इथल्या शाळेत रुळला, विद्याधर नगरात घर झालं. पुढची बदली आली तेव्हा नवरा एकटाच गेला आणि कंटाळून परत आला. आता आम्ही इथलेच झालो आहोत.

वर्गात मी हिंदीतून शिकवते. मंदीचा विषय निघाला की फळ्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारत ‘लंगड़ाती हुई अर्थव्यवस्था’ असं खुशाल म्हणते. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, “मैडम, आपसे तो धीरे ही चलती होगी।” वर्ग हसला, मी हसले आणि तास पुढे गेला. समोरच्या घरातल्या भाभींनी तर आम्ही राहायला आलो त्याच दिवशी फाटकातून विचारलं होतं, “पैर में क्या है दीदी? पोलियो? म्हारी भुआ कै भी छो।” त्यांच्या आत्यालाही होता म्हणे. दोन वाक्यांत विषय संपला आणि आम्ही नळाच्या वेळांकडे वळलो.

आमच्या लोकांचं तसं नाही. आमच्या लोकांना शिष्टाचार आहे.

वास्तविक हे क्रियापद मराठीत किती कामाचं! पायाखाली घडी घातलेला कागद सरकवेपर्यंत टेबल लंगडतं. मात्रा कमी पडली की कवितेची ओळ लंगडते. सरकारी कारभार तर दुसरं काही करतच नाही, असं माझा नवराच म्हणतो आणि त्याने उभी हयात तिथेच काढली आहे. सबब लंगडी असते, समर्थन लंगडं असतं, जोडीदार गेला की संसार लंगडा होतो. माणसाच्या पायाशी या सगळ्याचा काडीचा संबंध उरलेला नाही. पण मी बैठकीत बसलेली असले की आमच्या मंडळींच्या वाक्यांना मध्येच ठेच लागते आणि ती दुसराच शब्द धरून कशीबशी पुढे जातात.

इथल्या मराठी मंडळाचे सचिव यात सगळ्यांत पुढे. ते अकोल्याचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, माणूस सोन्यासारखा. त्यांची जुनी स्कूटर मागच्या चाकात काहीतरी बिघडल्यामुळे एकदा मंडळाच्या दारात ठेचकाळत आली. मी पायरीवर उभी होते. म्हटलं, “काय झालं भाऊ स्कूटरला?” त्यांनी हेल्मेट काढलं, माझ्याकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं आणि म्हणाले, “काही नाही ताई, जरा... एका बाजूनं नाराज आहे.” नाराज स्कूटर मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

माझी जिवलग मैत्रीण डोळ्यांची डॉक्टर आहे, मूळची नाशिकची, दोन गल्ल्या सोडून राहते. तिची जीभ एरवी कोणाची भीड ठेवत नाही. माझ्या सुनेचा स्वयंपाक, माझ्या नवऱ्याचं घोरणं, माझा केस रंगवण्याचा हट्ट, सगळ्यांवर तिची मतं तयार असतात. पण एका उन्हाळ्यात आम्ही फळांच्या गाड्यावर उभ्या होतो आणि गाडेवाला माझ्याकडे बघत म्हणाला, “लंगड़ा ले जाओ मैडमजी, एकदम मीठा है।” डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ती घाईघाईने म्हणाली, “भैया, दसहरी दे दो, दसहरी!” मला लंगडा आंबाच आवडतो. पण तिने एवढ्या तातडीने पिशवी पुढे केली होती की मी पैसे काढले आणि आठवडाभर दसहरी खाल्ले.

त्यावर कडी म्हणजे तिच्या लेकीच्या लग्नाची खरेदी. लेकीला माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण द्यायचे, म्हणून आम्ही जौहरी बाजारात चांदीच्या दुकानात गेलो. अन्नपूर्णा मिळाली. बाळकृष्णाची पंचाईत झाली. दुकानदाराने बासरीवाला दाखवला, गाईसोबतचा दाखवला, पाळण्यातला दाखवला. मैत्रीण आपली म्हणते आहे, “नहीं भैया, वो... जो घुटने पे... एक घुटना ऐसा नीचे...” आणि काउंटरवर हाताने गुडघा करून दाखवते आहे. सगळा महाराष्ट्र ज्याला लंगडा बाळकृष्ण म्हणतो, त्याला बिचाऱ्याला तिने माझ्यापायी बिननावाचा करून टाकला. शेवटी मीच म्हटलं, “लंगड़ा बालकृष्ण चाहिए इसको। घुटनों पर चलता हुआ, हाथ में मक्खन का गोला।” दुकानदार म्हणाला, “तो लड्डू गोपाल बोलिए ना!” आणि ट्रे भरून पुढे ठेवले. परत येताना गाडीत मी तिला म्हटलं, “अगं, देवाला म्हटलेलं चालतं ना?” तिने मूर्तीचा डबा पिशवीत आणखी खाली सरकवला. तिला खरंच वाईट वाटलं होतं, म्हणून मीही पुढे चिडवलं नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेत आले. माणसं प्रेमाची आहेत, जपायला बघतात, बिघडलं काय? असंच मला वाटत होतं, मागच्या संक्रांतीपर्यंत.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. लहानपणी कऱ्हाडात शाळेच्या मैदानावर मला कबड्डीत कोणी घेत नसे. खो-खोत तर उठून पळेपर्यंत डाव संपायचा. पण लंगडीचे गडी वाटून घ्यायला सुरुवात झाली की दोन्ही बाजूंची पहिली हाक मला. कारण उघड होतं. उजव्या पायाचं निम्मं काम जन्मभर डाव्याने केलेलं, त्यामुळे माझी डावी मांडी आणि पोटरी तालमीतल्या पोरासारखी होती. बाकीच्या मुली दहाबारा उड्यांत धापा टाकत पाय टेकवायच्या. मी चौकोनाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गडी हुसकत न्यायची आणि ओळीने बाद करायची. त्या खेळात सगळ्याच जणी एका पायावर यायच्या, आणि एका पायावर कसं राहायचं हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मला तो खेळ वेड्यासारखा आवडायचा. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही जागी मी इतकी सहज पहिली आलेली नाही.

आणि आता तोच डावा पाय कुरकुरायला लागला होता. पहिल्यांदा नवऱ्याच्या लक्षात आलं. घरात तो एकटाच हे क्रियापद चष्मा किंवा चहा म्हणावं तसं वापरतो. सकाळी फिरून येताना म्हणाला, “अगं, आज तू डाव्या पायाने लंगडतेयस.” मी म्हटलं, काहीतरीच! पण खरंच होतं. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, “मैडम, इस पैर ने अब तक दोनों की ड्यूटी की है। अब थक गया है। कूदना-फाँदना बिल्कुल बंद।” मी साठीला आलेली प्राध्यापिका, मी कशाला उड्या मारायला जाते! हसून बाहेर आले. आणि गाडीत बसल्यावर दार ओढून घ्यायचंच विसरले. कितीतरी वर्षांत मी एकदाही लंगडी घातली नव्हती, पण मनात आलं तर घालीन असं कुठेतरी धरून चालले होते. ते आता गेलं. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं.

तर मागची संक्रांत. तिच्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळाचं तिळगूळ असतं. विद्याधर नगरातल्या एका मैदानावर सकाळी खेळ आणि दुपारी जेवण. गोपालपुऱ्यापासून सीतापुऱ्यापर्यंतची झाडून सगळी मराठी कुटुंबं जमतात, ज्यांची मुलं आता ‘मम्मी, मी थक गयी’ अशा मराठीत बोलतात. खेळ ठरवायला आम्ही पाचसहा जण सचिवांच्या घरी बसलो होतो. त्या दिवशी एक काकूही आल्या होत्या. एकेकाळी मंडळाचा आधारस्तंभ, पुढे मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या, आणि आता कोणाच्या तरी लग्नासाठी जयपूरला आलेल्या. सचिव सांगत होते, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, संगीत खुर्ची, रस्सीखेच.

“आणि लंगडी रे?” काकूंनी विचारलं.

सचिवांनी पेनाचं टोपण लावलं.

“आमच्या वेळी बायकांचा सामना असायचा की! पदर खोचून खेळायचो. ती का बंद केलीस?”

“काकू, ते मैदान जरा... खडबडीत आहे ना.”

“त्याच मैदानावर पोती घालून पळवतोस की लोकांना.”

“अन् आता पोरांले येत नाही वो लंगडी. मतलब, नवी पिढी आहे.”

“येत नाही तर शिकवा.”

“अन् शिटी बी हरवली होती मधी,” सचिव म्हणाले.

मला मजा येत होती. तीन सबबी, आणि तिन्ही एकीपेक्षा एक लंगड्या. मी हसत मैत्रिणीकडे पाहिलं, तर ती चहाच्या कपात बघत होती. सचिवांच्या पत्नी न सांगता पाणी आणायला आत गेल्या. खजिनदार भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. खोलीतलं एकही माणूस माझ्याकडे पाहत नव्हतं. इतकं कसोशीने कोणी पाहायचं टाळलं की माणसाला समजतंच.

“माझ्यामुळे बंद केलीत?” मी विचारलं.

“ताई, तसं नाही वो...”

“मग कसं?”

सचिवांनी कपाळावरचा घाम पुसला. जानेवारीत. “तुम्ही पहिल्यांदा आल्या ना मंडळात, त्या दिवशी पहिला खेळ लंगडीचाच होता. मी माईक घेऊन उभा. म्हणणारच होतो का आता लंगडी सुरू. अन् तुम्ही फाटकातून आत आल्या. मले सांगा, कसं म्हणू मी? माईकवर? तुमच्यासमोर? मी म्हटलं, आता संगीत खुर्ची. अन् मंग ते तसंच राहून गेलं.”

 माझ्या मुलाने, त्याच्या बरोबरीच्या पोरांनी, या मंडळात वाढलेल्या एकाही मुलीने लंगडी पाहिली नाही, ती मी फाटकातून आत आले म्हणून. आणि मी दर वर्षी त्या मैदानाच्या कडेला, मला आणून दिलेल्या खुर्चीवर बसून, लोकांना खुर्चीभोवती फिरताना बघत मनात म्हणत होते की ही माणसं राजस्थानात येऊन लंगडी विसरली वाटतं.

मला राग आला. माझा राग काही शहाणासुरता नाही, आला की आवाज चढतो. “मला एकदा तरी विचारलंत? एकाने तरी? मी कऱ्हाडात लंगडीत कोणाला उभी राहू देत नव्हते! दोन पायांच्या पोरी रडवल्यात मी! आणि तुम्ही मला कडेला बसवून खेळच मोडीत काढलात?”

“पण ताई,” सचिव अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “विचारावं कसं वो?”

त्यांनी हे इतकं खरं विचारलं की माझा चढलेला आवाज तिथेच अडकला. कसं विचारावं, हे मलाही सांगता येईना. ज्याला हा शब्दच तोंडातून काढायची चोरी, तो प्रश्न तरी कुठून काढणार? तेवढ्यात काकूंनी गुडघ्यावर थाप मारली. “झालं ना मग? यंदा घ्या लंगडी. बायकांचा सामना. विद्याधर नगर एका बाजूला आणि उरलेलं जयपूर एका बाजूला.”

“मी खेळणार,” मी म्हटलं.

मैत्रिणीने कप खाली ठेवला. तिला माझ्या गुडघ्याचं माहीत होतं. पण त्याबद्दल बोलायचं तर पायाबद्दल बोलावं लागलं असतं, म्हणून ती बिचारी तोंड उघडून तशीच राहिली.

“आणि शिट्टी तुम्ही वाजवायची, भाऊ,” मी सचिवांना म्हटलं. “एक लक्षात ठेवा. दुसरा पाय टेकला की बाद. जो नियम सगळ्यांना, तोच मला. मला सूट दिलीत तर मी परत मंडळाची पायरी चढणार नाही.”

“नाही देणार,” सचिव म्हणाले. पण ते ज्या पद्धतीने मान हलवत होते, त्यावरून माझा भरवसा बसला नाही. घरी येईपर्यंत मला तेच खात होतं. गुडघा एखादा डाव कसाबसा काढील, पण ही माणसं मला खेळू देतील का? खेळवतील, टाळ्या वाजवतील, डोळे पुसतील. मला ते नको होतं. मला गडी म्हणून एकदा त्या चौकोनात जायचं होतं, आणि तेही आत्ताच, कारण पुढच्या संक्रांतीला हा पाय ऐकेल याची खात्री नव्हती.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “डॉक्टर काय म्हणाले होते?”

“एकच डाव.”

“बंद म्हणाले होते. बिल्कुल.”

“अरे, एकच!”

तो उठला. मग कपाट उघडून गुडघ्याला घालायचा पट्टा शोधायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर जाऊन लंगडी घालून पाहिली. आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरं पतंग उडवत होती, माझ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. उजवा पाय मागे दुमडला, डाव्यावर भार घेतला आणि निघाले. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत पोचले. गुडघ्यातून कळ आली, पण पाय विसरला नव्हता. मी कठड्याला धरून एकटीच खदाखदा हसले.

रविवारी मैदानावर पांढऱ्या फक्कीने चौकोन आखला. काकू पहिल्या ओळीत बसल्या. आधी सचिवांनी माईकवरून नियम सांगितले, कारण निम्म्या बायकांना ते माहीत नव्हते. एका बाजूच्या गड्यांनी चौकोनात पळायचं, दुसऱ्या बाजूच्या एकीने लंगडी घालत त्यांना शिवायचं. शिवली ती बाद, रेषेबाहेर गेली ती बाद, आणि लंगडी घालणारीने दुसरा पाय टेकला की तीही बाद. हे सांगताना त्यांनी ‘लंगडी’ हा शब्द माईकपासून तोंड थोडं लांब नेऊन उच्चारला.

आमच्या पहिल्या दोघी लगेच बाद झाल्या. एक तर हसता हसताच पडली. मग माझी पाळी आली. पट्टा घट्ट होता, साडीऐवजी सलवार घातली होती. मी पाय उचलला आणि आत शिरले.

आणि झालं तेच. चौकोनातल्या बायका पळेनात. एक नवी सून जागच्या जागी उभी राहून माझ्याकडे इतक्या मायेने पाहत होती की मी तिला शिवले तेव्हा तिने जवळजवळ पाया पडायचाच पवित्रा घेतला. तिच्या शेजारी माझी मैत्रीण. आम्ही एकाच कॉलनीतल्या, पण त्या बाजूला एक गडी कमी पडला म्हणून ती तिकडे गेली होती. ती तर खांबासारखी उभी. तिला शिवले. बाहेरून टाळ्यांचा कडकडाट. माझं डोकं फिरलं.

“पळा ना गं!” मी उड्या मारत ओरडले. “काय श्राद्धाला आलाय का? पळा! आणि तू, बाद झालीस ना, हो बाहेर, नाहीतर तुझ्या दवाखान्यात येऊन तमाशा करीन!”

मैत्रीण बाहेर पळाली. तिसरी एक उंच, सडसडीत मुलगी होती, सीतापुऱ्याकडच्या कॉलेजात शिकणारी. तिला माझं बोलणं पटलेलं दिसलं. ती पळाली. खरोखरची पळाली. मी तिच्या मागे. ती डावीकडे झुकली, मी कोपरा अडवला. ती माझ्या हाताखालून निसटून विरुद्ध बाजूला गेली. मी वळले. गुडघ्यात आता जाळ झाला होता, घामाने चष्मा घसरत होता, आणि मी किती आनंदात होते ते सांगता येत नाही. कऱ्हाडची सगळी युक्ती पायाला आठवत होती. गड्याच्या मागे लागायचं नाही, त्याच्या पुढच्या जागेवर जायचं. मी तिला कोपऱ्यात कोंडलं. एक उडी आणखी. हात पुढे केला. ती मागे वाकली, माझा तोल गेला आणि उजव्या पायाचा चवडा मातीला लागला. क्षणभरच. लगेच उचलला. पुढच्या उडीला मी तिच्या खांद्याला हात लावला.

 सगळ्यांनी पाहिलं होतं. ती मुलगी माझ्या पायाकडे आणि मग सचिवांकडे बघायला लागली. काकू उभ्या राहिल्या. आणि मी एका पायावर डुलत सचिवांकडे पाहिलं. शिट्टी त्यांच्या ओठात होती. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, जसे ते नेहमी बघतात, मानेखाली नजर न जाऊ देता. मला वाटलं, गेलं. आता हा भला माणूस टाळ्या वाजवणार, सगळे वाजवणार, आणि मी परत जाऊन कडेला बसणार. मी रडायच्या बेतात होते.

मग त्यांची नजर खाली आली. माझ्या उजव्या पायाकडे त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं, फक्कीत उमटलेल्या चवड्याच्या खुणेकडे पाहिलं. आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली.

“पाय टेकला! ताई बाद!”

“कुठे टेकला?” माझ्या तोंडून आपोआप निघालं.

“टेकला ना वो!”

“नाही टेकला! घसटला नुसता!”

“अहो घसटला म्हंजे टेकलाच! हे पाहा, हा पाहा ठसा! मी काय आंधळा हाओ का?” सचिव चौकोनात आले आणि वाकून बोटाने ठसा दाखवायला लागले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलले नव्हते.

“ती बाद आहे आधी! मी शिवले तिला!”

“पाय टेकल्यावर शिवली! चालत नाही! तुम्हीच म्हटलं ना का सूट नाही? मंग? चला, व्हा बाहेर!”

आमच्या बाजूच्या बायका माझ्या बाजूने ओरडायला लागल्या, पलीकडच्या सचिवांच्या बाजूने. ती उंच मुलगी “टच हुआ था, आंटी, पक्का टच हुआ था!” असं किंचाळत होती. कोणी हसत होतं, कोणी नियम सांगत होतं, कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. मी दोन्ही पाय खाली टेकले आणि रेषेकडे निघाले, तरी तोंडाने भांडतच होते. आमचा पुढचा गडी रेषेवर पाय उचलून कधीचा तिष्ठत होता. सचिवांचा धीर सुटला.

“ताई, भांडण मंग करा!” ते मागून ओरडले. “जरा लवकर लंगडा वो! खेळ खोळंबला इथं!”

आपण काय बोललो ते त्यांना समजलंही नाही. त्यांनी पुढची शिट्टी वाजवली आणि ते पुढच्या गड्याच्या पायाकडे बघायला लागले. मी “आले, आले” म्हणत, होईल तितक्या लवकर लंगडत बाहेर आले, रेषेच्या पलीकडे गवतात बसकण मारली आणि पोटभर रडले. गुडघा फार दुखतोय, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.